‘साक्ष’ कोर्टातली आणि मंडळीतली

भायखळ्याहून एका तरुणाने विचारलंय : चर्चच्या तरुण संघाच्या सभेत त्याला ‘येत्या रविवारी साक्ष दे’, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव मंडळीसमोर सांग, असं सांगितलंय. साक्ष तर कोर्टात देतात. मग ‘विश्वास शेअर करणे’ किंवा ‘धर्मप्रचार’ म्हटलं तर चालेल का? आणि ऑफिसातल्या मित्रांशी ख्रिस्ताबद्दल बोलायचं, तर त्याला काय म्हणायचं?

आधी ‘शेअर’चं बघू. त्याचं मराठी करायला गेलं की ‘वाटणे’ समोर येतं, पण ‘विश्वास वाटणे’ म्हणजे आपल्याकडे भरवसा वाटणे. पेढे वाटतात तसा विश्वास वाटता येत नाही. तो ज्याचा त्याला वाटावा लागतो. ‘प्रचार’ मला नको वाटतो. निवडणुकीतल्या रिक्षेवरचा भोंगा त्या शब्दाला कायमचा चिकटलाय, आणि प्रचार करणाऱ्याला समोरच्याचं मत हवं असतं.

‘साक्ष’ मात्र सोडू नकोस. पाणिनीचं सूत्र आहे, ‘साक्षाद्द्रष्टरि संज्ञायाम्’. साक्षात पाहणारा तो साक्षी. कोर्टात ऐकीव गोष्ट सांगायला लागलं की अडवतात, ते याचमुळे. बायबलातल्या नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये या जागी ‘मार्तुस’ आहे, त्याचाही अर्थ साक्षीदारच. पुढे विश्वासापायी जीव देणाऱ्यांना तोच शब्द लागला आणि त्यातून इंग्रजीतला ‘मार्टर’ आला. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेले, ते या अर्थाने साक्षी.

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येशू शिष्यांना म्हणतो, ‘तुम्ही माझे साक्षी व्हाल.’ वक्ते व्हाल, पंडित व्हाल, असं म्हणत नाही. योहानाच्या पुस्तकातल्या नवव्या अध्यायातला, येशूने दृष्टी दिलेला जन्मांध माणूस आठव. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, त्याची उलटतपासणी घेतात, येशू पापी आहे हे त्याच्याकडून वदवून घ्यायला बघतात. त्याचं उत्तर साधं : ते मला ठाऊक नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतंय, एवढं ठाऊक आहे. ‘मला बायबल पाठ नाही, मी काय बोलणार?’ म्हणून मागच्या बाकावर गप्प बसणारे आपल्यात कितीतरी आहेत. त्यांना हा शब्दच धीर देतो. फक्त ‘मन साक्ष देतं’ हेही मराठीच आहे. मनाने दिली नसेल ती साक्ष तोंडाने देऊ नये.

‘सुवार्ता’ आणि ‘शुभवर्तमान’ दोन्ही चांगल्या बातमीचीच नावं. ‘वर्तमान’ म्हणजे बातमी, वर्तमानपत्रातलं तेच. मराठी बायबलात पुस्तकाचं नाव ‘मार्ककृत शुभवर्तमान’ असतं आणि आत मजकुरात ‘सुवार्ता’ भेटते. साक्ष देतात, सुवार्ता सांगतात. बातमी आनंदाची असली की थांबवत नाही : येशू भेटला तेव्हा शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातली, बाई विहिरीवर घागर तशीच टाकून गावात सांगायला गेली. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईतच झाला. पुढे त्यांनी ख्रिस्त सांगितला तो अभंगांतून, कीर्तनांतून. त्यासाठी उसनी भाषा आणावी लागली नाही.

बाबा गेले त्या वर्षी चाळीच्या नळावर शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, ‘तुम्हाला झोप कशी लागते हो?’ आईने हंडा खाली ठेवला. ‘लागत नव्हती. मग रोज रात्री येशूला सांगायला लागले, की आजचं तू बघ. आता लागते.’ इतकंच बोलून तिने हंडा उचलला. काही दिवसांनी काकू स्वतःहून दारात आल्या, ‘माझ्यासाठीपण सांगाल का त्याला?’

आईने ‘साक्ष’ हा शब्दही उच्चारला नव्हता. तूही ऑफिसात तो शब्द काढू नकोस. ‘माझा अनुभव सांगू का?’ असं मित्राला विचार, आणि तो हो म्हणाला की सांग. रविवारी मात्र उभा राहून ‘साक्ष देतो’ असंच म्हण.