ब्रेक कंट्रोलर कोणता, हा प्रश्न नंतरचा

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ भाड्याच्या घरात राहतो. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, पत्नी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, तिला कामाची परवानगी नाही. दोन मुलं आहेत. पगार वर्षाला १ लाख ३५ हजार डॉलर. ३४,५०० डॉलरचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, बुक केलाय, हजार डॉलर डिपॉझिट दिलंय, दोन आठवड्यांनी ताबा मिळेल. वर्षाला वीसेक रात्री तरी वापरू, पहिली ट्रिप कोलोराडोची. आमची एसयूव्ही ५,००० पौंड ओढते आणि ट्रेलर ४,५५० पौंडांचा आहे. गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणारा इलेक्ट्रिक ब्रेक कंट्रोलर बसवायचे डीलर १,१५० डॉलर सांगतोय. एक मित्र त्याचा जुना टाइम-डिलेड कंट्रोलर ५० डॉलरला देतोय. कोणता घ्यावा? बाकी सगळी सोय झाली आहे. ८,००० डॉलर ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून, कर्ज घेतोय, अर्ज भरलाय. उरलेले ३५,००० पंधरा वर्षांच्या लोनवर, व्याज ८.९९ टक्के, हप्ता ३५५. एक्स्टेंडेड वॉरंटी वगैरे त्यातच आलं. वर्षभर ४०१(के)ची कपात थांबवली की हप्ता सहज बसतो. शिवाय ट्रेलर भाड्याने दिला तर हप्ता त्यातूनच सुटेल, असं सेल्समन म्हणाला. बँकेत ११,००० आहेत, महिन्याचा खर्च ६,२००.

उत्तर : ताबा घेऊ नका. डिपॉझिट परत मागा, मिळालं नाही तर हजार डॉलर गेले असं समजा. का, ते सविस्तर सांगतो. आधी तुम्ही विचारलेल्या ब्रेकचं.

दोन्ही पर्याय नकोत. टाइम-डिलेड कंट्रोलरला तुम्ही ब्रेक किती जोरात दाबलाय हे कळत नाही. ब्रेक लाइट लागला एवढंच त्याला समजतं, मग तो आधी ठरवून ठेवलेल्या जोरापर्यंत करंट चढवत नेतो. सिग्नलपाशी पाय नुसता टेकवलात तरी तेवढाच जोर, आणि पुढे अचानक हरीण आलं तरी तेवढाच. सपाट रस्त्यावर हलका ट्रेलर असेल तर निभावतं. तुम्ही मुलांना घेऊन डोंगरात जाणार आहात. प्रपोर्शनल कंट्रोलरमध्ये गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय हे मोजणारा सेन्सर असतो आणि त्या प्रमाणात ट्रेलरच्या ड्रममधल्या, ब्रेक लावणाऱ्या मॅग्नेटना करंट जातो. तोच घ्यावा. चांगला प्रपोर्शनल कंट्रोलर दीडशे-दोनशे डॉलरला येतो. गाडीत डॅशबोर्डखाली त्याचा तयार कनेक्टर असेल तर तीस-चाळीस डॉलरची वायर जोडली की झालं. नसेल तर चार वायरींचं काम आहे : पांढरी ग्राउंडची, काळी बॅटरीची, लाल ब्रेक लाइटच्या स्विचची आणि निळी ट्रेलरच्या ब्रेककडे जाणारी. बॅटरीच्या वायरवर २० अँपिअरचा ब्रेकर लागतो. हे काम चांगल्या मेकॅनिककडून करून घ्या. मागे चपटा चार पिनांचा प्लग असेल तर त्यात ब्रेकची वायरच नसते, सात पिनांचा बसवावा लागेल. सगळं धरून चारशे, फार तर पाचशे डॉलर. ११५० कशाचे, हे डीलरला पावतीवर लिहून मागा.

कंट्रोलर बसवला म्हणजे काम संपलं असंही नाही. तो प्रत्येक ट्रेलरला जुळवून घ्यावा लागतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा रविवारी सकाळी एका शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेलो होतो. ट्रेलर भरलेला, वेग ताशी २५ मैल, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि कंट्रोलरवरचा हाताने चालवायचा लिव्हर पूर्ण दाबला. गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर ठरवणारा आकडा, साडेसहावर होता. ट्रेलरची चाकं जागच्या जागी थांबली, टायर किंचाळले आणि डांबरावर दोन काळ्या रेघा उमटल्या. साडेपाचवर आणला तेव्हा ट्रेलर घट्ट धरायला लागला, पण चाकं फिरत राहिली. चाकं लॉक व्हायच्या किंचित अलीकडची जागा हवी असते. ट्रेलर डुलायला लागला तरी तोच लिव्हर उपयोगी पडतो. गाडीचा ब्रेक न मारता फक्त ट्रेलरचा हळू लावायचा, म्हणजे तो मागे ओढला जाऊन सरळ होतो. बायकोला आणि तुम्हाला दोघांनाही हे हाताला सवयीचं असायला हवं. ब्रेकअवे स्विचची पिनही दर ट्रिपच्या आधी ओढून बघायची. ट्रेलर हुकातून सुटला तर त्याच्या बॅटरीवर ब्रेक लावणारी वस्तू तेवढी एकच आहे.

कायदाही सांगून ठेवतो. टेक्ससमध्ये ४,५०० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, बऱ्याच राज्यांत ही मर्यादा ३,००० आहे, कॅलिफोर्नियात १,५००. ब्रेकचे पैसे वाचवायचा विचार मनातून काढून टाका.

पण जगातला सर्वात महाग कंट्रोलर लावला तरी तुमची एसयूव्ही हा ट्रेलर ओढायला योग्य होत नाही. ४,५५० हे रिकाम्या ट्रेलरचं वजन आहे. त्यात पाणी नाही, गॅसचे सिलिंडर नाहीत, बॅटरी, भांडी, पांघरुणं, खुर्च्या काही नाही. ३० गॅलन पाण्याचेच २५० पौंड होतात. प्रवासाला निघताना तो ५,५०० च्या आसपास जाईल. म्हणजे गाडीच्या मर्यादेवर ५०० पौंड. त्यातला १० ते १५ टक्के भार हुकावर येतो, १२ टक्के धरले तर ६६०. पाच हजार पौंड ओढणाऱ्या बहुतेक एसयूव्हींच्या हुकाची मर्यादा ५०० असते. आता ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं-पांढरं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते तिथे लिहिलेलं असतं. १,४०० धरू. तुम्ही दोघं ३२०, मुलं १३०, सामान १५०, हुकावरचे ६६०, ट्रेलर जोडायच्या हिचचं लोखंड ८०. झाले १,३४०. उन्हाळ्यात आई-बाबा आले की गाडी भरपूर ओव्हरलोड. आणि डॅलसहून कोलोराडोला जाताना रॅटन पास हा घाट लागतो, उंची ७,८३४ फूट. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. चढताना गाडी दमेल, पण मला काळजी उताराची आहे. तिथे जादा वजन ब्रेकवर येतं आणि तापलेला ब्रेक धरत नाही.

हे आकडे सेल्समनला माहीत असतात. त्याने तुम्हाला रिकाम्या ट्रेलरचं वजन सांगितलं आणि गाडीची सगळ्यात मोठी मर्यादा सांगितली, कारण तेवढ्या दोनच आकड्यांत व्यवहार बसत होता. याचा मला मनापासून राग येतो. महिन्याभरात हाच माणूस तुम्हाला पिकअप ट्रक घ्यायला सांगेल.

आता पैशाचं. हप्ता ३५५, ४०१(के)च्या कर्जाची पगारातून कपात साधारण १६५, ट्रेलर ठेवायला जागेचं भाडं ११०, विमा ४०, देखभाल ६०. महिना ७३०, वर्षाचे पावणेनऊ हजार. वीस रात्रींनी भागा : एका रात्रीचे ४४० डॉलर. कॅम्पसाइट आणि पेट्रोल वेगळं. पंधरा वर्षांत लोनचे सुमारे ६४,००० भराल. पहिल्या तीन वर्षांत पावणेतेरा हजार भरूनही मुद्दल ३१,००० शिल्लक असेल. पहिल्या वर्षी पाचवा हिस्सा आणि पुढे दरवर्षी दहावा हिस्सा किंमत उतरते असं धरलं, तर ट्रेलर तेव्हा साडेबावीस हजारांच्या आत असेल. विकायचा झाला तर पदरचे नऊ हजार घालून विकावा लागेल.

ही शेवटची ओळ तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण तुमचं घर एका पगारावर चालतं आणि तो पगार व्हिसाला बांधलेला आहे. एच-१बीवर नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तुमचे ११,००० डॉलर पावणेदोन महिने पुरतात. म्हणजे नोकरी शोधायचे दिवस आणि पैसे एकाच आठवड्यात संपणार. त्याच ६० दिवसांत डोक्यावर ३५,००० चं कर्ज, दारात न विकला जाणारा ट्रेलर आणि ४०१(के)चं न फेडलेलं कर्ज. त्या वर्षीचं रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत तेवढी रक्कम आयआरएमध्ये (स्वतःच्या नावाच्या निवृत्ती खात्यात) भरली नाही, तर ते उत्पन्न धरलं जातं. २२ टक्के टॅक्स आणि वर १० टक्के दंड. ७,००० बाकी असतील तर २,२०० गेले, तेही नोकरी नसताना. तुम्ही लिहिलंय ‘बाकी सगळी सोय झाली आहे’. मला पत्रात सोय कुठेच दिसली नाही.

४०१(के)ची कपात थांबवणं तर अजिबात नको. तुमची कंपनी तुमच्या कपातीच्या जोडीने पगाराच्या चार टक्के मॅच करत, म्हणजे स्वतःकडून भरत असेल, तर वर्षाला ५,४०० डॉलर तुम्ही हाताने नाकारताय. हप्ते वर्षाला ४,२६० चे. हप्ता बसवण्यासाठी हप्त्याहून मोठी रक्कम सोडून देताय.

सेल्समनच्या भाड्याच्या गणितावर विश्वास ठेवू नका. नेहमीचा विमा ट्रेलर भाड्याने दिल्यावर बहुधा लागू होत नाही, वेगळा घ्यावा लागतो. आणि गिऱ्हाईक बघणं, ट्रेलर नेऊन देणं, साफ करणं हे तुम्ही स्वतः केलंत तर एच-१बीवर ते दुसरं काम ठरू शकतं. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. चारदोनशे डॉलरसाठी स्टेटस धोक्यात घालायचं नसतं. व्याजावर टॅक्स वाचतो, हेही तुम्हाला ऐकवलं गेलं असेल. २०२५ साली जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे व्याज दाखवायचं तर सोडावी लागणारी सरसकट वजावट, ३१,५०० होतं, तुमचं पहिल्या वर्षीचं व्याज सुमारे ३,१००. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला यातून एक डॉलरही सुटत नाही.

‘एक्स्टेंडेड वॉरंटी वगैरे’ मधलं वगैरे काय आहे, ते कागदावर बघा. वॉरंटी, गॅप (ट्रेलरची किंमत आणि कर्ज यांतली तफावत भरणारा विमा), टायर आणि रंगाचं संरक्षण मिळून अशा व्यवहारात सहा-साडेसहा हजार सहज चढवले जातात. साडेसहा हजार या लोनमध्ये घातले की पंधरा वर्षांत ११,९०० होतात. वॉरंटी संपून दहा वर्षं झाली तरी तिचा हप्ता चालूच.

करायचं ते असं. ४०१(के)च्या कर्जाचा अर्ज उद्याच मागे घ्या, पैसे अजून आलेले नाहीत. डीलरला फोन नको, ईमेल करा. ऑर्डर फॉर्मवर डिपॉझिटबद्दल काय छापलंय ते आधी वाचा. तीन दिवसांत व्यवहार रद्द करायचा फेडरल नियम शोरूममध्ये जाऊन केलेल्या खरेदीला लागू नाही, तेव्हा सही करून ताबा घेतलात की परतीचा रस्ता बंद. बँकेतले ११,००० आधी ३७,००० करा, सहा महिन्यांचा खर्च. महिना ७३० देण्याची ऐपत आहे असं तुम्हीच ठरवलंय. तेच पैसे बाजूला टाकलेत तर तीन वर्षांत २६,००० जमतात, बरोबर तेवढीच कमतरता आहे.

मुलांना डोंगर दाखवायचं थांबवू नका. कोलोराडोत जाऊन ट्रेलर भाड्याने घ्या. मालक कॅम्पसाइटवर आणून उभा करून देतो असे बरेच असतात. रात्रीचे १५० धरले तर दहा रात्रींचे १,५००, पोचवणं आणि विमा वेगळा. तुमची गाडी रिकाम्या हुकाने रॅटन पास चढेल. ओढायची हौस असेल तर भरलेलं वजन ३,५०० च्या आत राहील असा छोटा ट्रेलर एखाद्या वीकेंडला भाड्याने आणा आणि त्यासाठी प्रपोर्शनल कंट्रोलर जरूर बसवून घ्या, तो पुढेही उपयोगी पडेल. निघण्याआधी एखाद्या ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर गाडी आणि ट्रेलर दोन्ही चढवा, पंधराएक डॉलर लागतात. मग रिकाम्या पार्किंगमध्ये गेन जुळवा, आणि त्या दिवशी मुलांना घरीच ठेवा.