पाच महिन्यांच्या बाळाची कार सीट हॅचबॅकमध्ये नेमकी कुठे बसवावी?

तुमची गाडी पाच आसनी हॅचबॅक, मुलगी पाच महिन्यांची आणि पुणे-कोल्हापूर जाणं-येणं वरचेवर. घरच्यांना वाटतं बाळ पुढे आईच्या मांडीवरच बरं. तुम्ही मात्र मागची मधली जागा सगळ्यात सुरक्षित असं वाचलंय, आणि नेमकं तिथेच आयसोफिक्स (बाळाची सीट गाडीला थेट अडकवायच्या धातूच्या कड्या) नाही. माझं उत्तर सरळ आहे: मागची डावी जागा, आयसोफिक्सवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. आणि आईने बाळाशेजारी मागे बसायचं.

पुढच्या सीटचा विषय आधी संपवू, कारण घरात वाद तिथेच होणार. २०२१ संपता संपता आपल्याकडे नव्या गाड्यांत चालकाशेजारच्या सीटलाही एअरबॅग सक्तीची झाली. मोठ्या माणसाला ती वाचवते. पण ती ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने फुगते, आणि उलट्या तोंडाच्या सीटची पाठ डॅशबोर्डला जवळजवळ टेकलेली असते, म्हणजे तो तडाखा थेट बाळाच्या डोक्यामागे बसतो. मांडीवरचं बाळ तर एअरबॅग आणि आई यांच्या मध्ये सापडतं. एअरबॅग नसती तरी मांडी नकोच. ताशी पन्नासने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येकावर स्वतःच्या वजनाच्या साधारण वीसपट जोर येतो. सात किलोचं बाळ त्या क्षणी सुमारे १४० किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं. कुठल्याही आईच्या हातांना ते पेलणार नाही. त्यात तिच्या मायेची कमी नाही. घरी हे असंच शांतपणे सांगा. आणि कायद्यानेही चौदा वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे.

आता मधली जागा. तुम्ही वाचलंय ते खोटं नाही. मधलं बाळ दोन्ही दारांपासून लांब असतं, त्यामुळे बाजूने धडक बसली तर आत चेपलेला पत्रा त्याच्यापर्यंत पोचायला जास्त अंतर राहतं. २००८ साली ‘पीडियाट्रिक्स’ या अमेरिकन नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, चाइल्ड सीटमध्ये बसवलेल्या तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना मागच्या मधल्या जागेत दुखापतीचा धोका कडेच्या जागांपेक्षा ४३ टक्के कमी आढळला होता. पण आपल्या बऱ्याच लहान गाड्यांत ती मधली जागा कशी असते? अरुंद, मध्ये उंचवटा, आणि अनेकदा फक्त कमरेचा पट्टा. बहुतेक बाळ-सीटना मात्र तीन बिंदूंचा, म्हणजे कंबर आणि खांदा दोन्हींवरून जाणारा पट्टा किंवा आयसोफिक्स लागतं. उंचवट्यावर डुगडुगणाऱ्या सीटला मधल्या जागेचा काही फायदा मिळत नाही. डाव्या जागेची एक कडी आणि उजव्या जागेची एक कडी धरून सीट मध्ये बसवायचा जुगाड काही जण करतात. तो अजिबात करू नका. आयसोफिक्सच्या दोन कड्या एकमेकींपासून २८ सेंटीमीटरवर असतात आणि सीट त्या अंतरासाठीच बनवलेली असते.

मग डावीच का? धडकेच्या हिशेबाने डावं-उजवं सारखंच. पण आपण रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी लावतो. बाळाला काढताना, पट्टे लावताना दोन-तीन मिनिटं दार उघडं ठेवून वाकावं लागतं, आणि उजवीकडे ते दार वाहत्या रस्त्यावर उघडतं. शिवाय उलट्या तोंडाची सीट बरीच जागा खाते, तिच्या पुढची सीट सरकवावी लागते. चालकाची सीट पुढे ढकलून कुणी अवघडून गाडी चालवावी, हे मला पटत नाही. डावीकडची सरकवता येते. ती इतकी पुढे गेली की बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतात, तर पुढे कुणी बसूच नका.

बसवल्यावर आयसोफिक्सच्या दोन्ही खुणा हिरव्या दिसल्या पाहिजेत. मग सीट जिथे गाडीला जोडली आहे तिथे धरून हलवा. तिथे अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर परत बसवा. बाळाचे खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा जरा खालून निघावेत, आणि ते चिमटीत धरता येऊ नयेत इतके घट्ट हवेत.

सीटच्या कलाकडे, म्हणजे ती किती मागे झुकली आहे याकडे मात्र विशेष लक्ष द्या, कारण या वयात मान सावरत असली तरी झोपेत ढिली पडते. सीट फार उभी असली तर हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाला अडथळा होतो. सीटच्या बाजूला कलाची रेघ किंवा बुडबुडा असतो. तो बघताना गाडी सपाट जमिनीवर उभी असू द्या, सोसायटीच्या उतारावर नव्हे. दोन तासांहून जास्त सलग बसवू नका. साताऱ्याच्या आसपास थांबून तिला बाहेर काढा, पाठ मोकळी होऊ द्या.

नातेवाइकांच्या सातआसनी गाडीतून जायची वेळ आली तर मधली रांग घ्या. जुन्या गाड्यांत मागे आडवी, समोरासमोरची बाकं असतात, तिथे चाइल्ड सीट बसवायची नसते.

निदान पंधरा महिन्यांपर्यंत, आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तर त्यापुढेही, तोंड मागेच ठेवा. पुढे वळवाल तेव्हा चाइल्ड सीटचा वरचा पट्टा (टॉप टेदर) गाडीत कुठे अडकवायचा ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. डिकीतला सामानाचा हुक त्यासाठी चालत नाही.

अजून सीट घेतली नसेल तर दुकानात गाडी घेऊनच जा, पुढची सीट नेहमीच्या जागी ठेवून ती मागे डावीकडे लावून बघा, आणि मगच पैसे द्या. दुकानदार लावून बघू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा.