सांधा चुकतो तिथे

"मॅडम, याले काही टॉनिक लागीन का?"

माझ्याकडे समुपदेशनासाठी भुसावळहून आलेल्या आईंचा हा पहिला प्रश्न. सोबत तेरा वर्षांचा मुलगा, खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा पियानो शिकतो. क्लासच्या कार्यक्रमात वाजवताना मध्येच अडकला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकला आणि शेवटी उठून खाली आला. तेव्हापासून घरात एकच निदान पक्कं झालं होतं, पोराची स्मरणशक्ती कमी आहे. बदाम भिजायला लागले होते. ब्राह्मीचं सिरपही आलं होतं.

"घरी सगळं येतं, स्टेजवर विसरतो" ही तक्रार माझ्याकडे नेहमीची. कोणाचं भाषण असतं, कोणाची तोंडी परीक्षा. त्या सवयीनेच मी ही स्टेजची भीती धरली आणि दोन बैठका श्वासाच्या व्यायामात घालवल्या. पोरगा गुणी, सांगितलं तसं करत राहिला. तिसऱ्या वेळी विचारलं, नेमका अडकतोस कुठे?

"शेवटच्या भागात. तिथून मी परत आधीच्याच भागात जातो."

भीतीने विसरणारा कुठेही विसरतो. हा दर वेळी एकाच जागी. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

पीस होता क्लेमेंटी या संगीतकाराच्या ओपस ३६ या संचातल्या पहिल्या सोनाटिनाचा (छोट्या वाद्यरचनेचा) पहिला भाग. १७९७ मधली रचना, जगभर शिकाऊ मुलं वाजवतात. एकूण ३८ बार, म्हणजे तालाचे सारखे तुकडे. तो याला "बोटांनी" पाठ होता, म्हणजे एक सूर वाजला की पुढचा आपोआप. सतराचा पाढा असा पाठ असतो. मधूनच "सतरा साते?" विचारलं की मनात सतरा एके सतरापासून निघावं लागतं. साखळी सलग असेल तोवर छान, एक कडी निसटली की पुढचं सगळं गेलं.

गंमत म्हणजे थिअरीच्या पेपरात याला चांगले मार्क होते. ती वही त्याच दप्तरात होती. स्केल (स्वरांच्या माळा), कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), सगळं सुवाच्य. पण वही आणि पीस एकमेकांशेजारी ठेवून कोणी कधी पाहिलंच नव्हतं. याचा दोष मी पोराला देणार नाही.

त्याच्या सरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं ते असं: पहिल्या १५ बारमध्ये सुरावट सी मेजरमध्ये, म्हणजे सी हा घरचा सूर धरून, सुरू होते आणि जी मेजरमध्ये जाऊन थांबते. मग आठ बार सी मायनरची, म्हणजे त्याच सीवरच्या उदास स्वरांची, छाया. चोविसाव्या बारला पहिलीच सुरावट परत येते, एक सप्तक खाली. पण या वेळी जी मेजरकडे न जाता सीमध्येच संपते.

आई भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्या एकदम म्हणाल्या, "म्हणजे पांढरी एकचा सा. आणि जीकडे जाताना ही काळी लागते ना, हा तीव्र मध्यम!" बरोबर होतं. पहिल्या भागात तीव्र मध्यम येऊन पंचमाचा सा होतो, शेवटच्या भागात मध्यम शुद्धच राहतो. मधल्या आठ बारमध्ये कोमल गंधार. मुलगा आईकडे बघतच राहिला.

वडील रेल्वेत. त्यामुळे पुढचं त्यानेच जुळवलं. मुंबईहून येणारी गाडी भुसावळपर्यंत एकाच मार्गाने येते. पुढे सांध्यावर रूळ बदलून खंडव्याची वेगळी, अकोल्याची वेगळी. "म्हणजे चोविसाव्या बारनंतर माझा सांधाच बदलत नाही. गाडी परत जीकडेच जाते."

स्मरणशक्तीबद्दल आईंना मी बुद्धिबळाचा एक प्रयोग सांगितला. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या संशोधकांनी खेळाडूंना पट काही सेकंद दाखवून सोंगट्या आठवायला लावल्या. खऱ्या डावातली मांडणी उस्तादाला नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त आठवली. सोंगट्या कशाही टाकल्या तेव्हा मात्र उस्तादाचा तो वरचष्मा जवळपास उरला नाही. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अचाट नव्हती. त्याला सोंगट्यांचे ओळखीचे गट दिसत होते. तीनशे सुटे सूर कोणालाही जड जातात. "इथे सी, इथून जीकडे, इथे मायनर, इथे परत घरी" एवढं डोक्यात मावतं.

मग पेन्सिलने कागदावर खुणा झाल्या. दर बारखाली कॉर्डचं नाव, सांध्याच्या जागी लाल गोल. सराव पहिल्या बारपासून करायला आठवडाभर बंदी. सोळाव्यापासून, चोविसाव्यापासून, कधी नुसता डावा हात. रात्री कीबोर्ड बंद ठेवून कॉर्ड तोंडाने म्हणायचे. हे त्याला सगळ्यात कंटाळवाणं वाटलं, आणि कंटाळवाणं आहेच. शिवाय वेळ लागतो. बोटांनी पाठ करणं सुरुवातीला लवकर होतं.

पुढच्या कार्यक्रमात तो मधल्या मायनर भागात घसरला. क्षणभर थांबला, थेट चोविसावा बार धरला आणि शेवटपर्यंत गेला. हात थरथरत होतेच. श्वासाचे व्यायाम आता खरोखर उपयोगी पडताहेत.

सिरपची बाटली अजून फ्रिजमध्ये आहे, गोड लागतं म्हणून तो घेतो. आईंनी परवा फोनवर विचारलं, "मॅडम, हे इतिहासाच्या सनावळ्यांले चालीन का?"

विचार करून सांगते म्हटलंय.