चारही मुली वेगवान असूनही ४×१०० रिले हातची का जाते? बॅटनबदलाला खरंच इतकं महत्त्व असतं का?

तुम्ही लिहिलंय की शाळेच्या चारही मुली १०० मीटरला तालुक्यात पहिल्या आठांत असतात, तरी रिलेत त्यांच्याहून मंद मुलींच्या संघानं त्यांना मागे टाकलं. आणि बॅटन (एकीनं दुसरीच्या हातात द्यायची नळी) तर एकदाही पडली नव्हती, मग चूक कुठे झाली?

बहुधा तिथेच. बॅटन पडली नाही म्हणजे बदल नीट झाला असं नसतं. शालेय स्पर्धांत बॅटन पाडून हरणारे संघ थोडे. ती अगदी सांभाळून, सुखरूप देऊन हरणारे पुष्कळ. घेणारी मुलगी मागे तोंड करून उभी राहते, हात पुढे करते, बॅटन मिळाली की वळते आणि मग पळायला लागते. तेवढ्यात बॅटन जवळजवळ थांबलेली असते. शर्यत बॅटनची आहे. पहिल्या मुलीला शून्यातून सुरुवात करावीच लागते. उरलेल्या तिघींनी बॅटन घेताना भरधाव असायला हवं. उभ्यानं सुरू केलेले १०० मीटर आणि आधीच वेगात असताना पळालेले १०० मीटर यांत साधारण एका सेकंदाचा फरक पडतो. तो तीनदा घालवलात तर चौघींचा वेग मातीत जातो.

हा फायदा केवढा असतो ते जपाननं २०१६ साली रिओत दाखवलं. यामागाता, इइझुका, किर्यू आणि केंब्रिज या चौघांपैकी तेव्हा एकानंही १०० मीटर दहा सेकंदांच्या आत पळालेलं नव्हतं. तरी त्यांनी ३७.६० सेकंदांत रौप्यपदक घेतलं, जमैकाच्या मागोमाग. म्हणजे सरासरी माणशी ९.४०. उलट बाजूला अमेरिका. बीजिंग २००८ मध्ये त्यांच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांची बॅटन प्राथमिक फेरीतच, तीही शेवटच्या बदलात पडली. पॅरिस २०२४ च्या अंतिम शर्यतीत पहिल्याच बदलात बॅटन घेणारा बेडनारेक लवकर सुटला, देणाऱ्या कोलमनला तो गाठता येईना, आणि संघ बाद झाला. सुवर्ण कॅनडाला. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय पुरुषांनी ३८.८९ सेकंदांत कांस्य मिळवलं होतं.

आता मैदानावर या. ४×१०० चा एक्स्चेंज झोन, म्हणजे बॅटन जिथे बदलायची तो पट्टा, ३० मीटरचा असतो: १०० मीटरच्या रेषेआधी २० मीटर आणि नंतर १० मीटर. तीन झोन मिळून ९० मीटर, म्हणजे शर्यतीचा जवळजवळ पाव भाग. २०१७ च्या अखेरीपर्यंत झोन २० मीटरचा होता आणि झोन सुरू होण्याच्या अलीकडे १० मीटर नुसती वेग घेण्यासाठी मिळायची, तिथे बॅटनला हात लावता येत नसे. रिओत बॅटन घेणाऱ्या अमेरिकेच्या गॅटलिननं नेमका झोनच्या आधी बॅटनला हात लावला आणि अमेरिकेचं कांस्य गेलं. आजच्या नियमात तोच बदल वैध ठरला असता. काही मैदानांवर अजून जुनीच आखणी सापडते, म्हणून स्पर्धेच्या दिवशी झोन कुठे सुरू होतो ते पंचांना विचारून घ्या. झोनच्या आत बॅटन असावी लागते, मुलींचे पाय नव्हे. घेणारीचा पहिला स्पर्श झाला की बदल सुरू, आणि बॅटन फक्त तिच्याच हातात राहिली की पुरा. हे दोन्ही झोनच्या आत झालं पाहिजे.

घेणारी झोनच्या सुरुवातीच्या रेषेवर उभी राहते आणि बॅटन १८ ते २५ मीटरच्या दरम्यान बदलते. त्याआधी बदलली तर घेणारीनं अजून वेग घेतलेला नसतो; फार पुढे गेली तर झोन संपतो.

ती सुटणार केव्हा, हे ठरवणारी खूण हा सगळ्या प्रकाराचा गाभा आहे. येणारी मुलगी त्या खुणेवर आली की घेणारीनं सुटायचं, पूर्ण जोर लावून, आणि मागे बघायचं नाही. खूण किती मागे असावी याचा हिशेब असा. समजा येणारी शेवटच्या टप्प्यात सेकंदाला ८.५ मीटर वेगानं पळते. घेणारीला सुटल्यापासून २२ मीटर जायला ३.४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात येणारी २८.९ मीटर येते. बदलाच्या क्षणी दोघींच्या हातांची लांबी मिळून साधारण एक मीटरचं अंतर आपोआप भरून निघतं, म्हणून येणारीला २१ मीटरपर्यंतच पोचायचं असतं. २८.९ मधून २१ वजा केले की ७.९ मीटर उरतात. घेणारीच्या बुटाची लांबी २७ सेंटिमीटर धरली तर ही २९ पावलं झाली. हे कागदावरचं. पहिल्या दिवशी २४-२५ पावलांपासून सुरू करा, कारण येणारी शेवटी मंदावते. ३.४ आणि ८.५ हे आकडे तुमच्या मुलींचे नाहीत, हेही ध्यानात ठेवा; घड्याळ लावून आपले काढा.

पावलं मोजायची ती घेणारीनंच, टाचेला चवडा लावत, रेषेपासून मागे, आणि स्पर्धेत जे घालून पळणार तेच बूट घालून. सरावाला अनवाणी मोजलेली पावलं स्पाइक्सच्या (खिळ्यांच्या बुटांच्या) पावलांशी जुळत नाहीत. खुणेसाठी सिंथेटिक ट्रॅकवर ५ × ४० सेंटिमीटरपर्यंतची एक चिकटपट्टी लावता येते, तीही आपल्याच लेनमध्ये. गवताच्या किंवा मातीच्या ट्रॅकवर पट्टी चिकटत नाही, तिथे रेघ ओढायची.

खूण बदलायची रीत सोपी आहे. घेणारी पुढे निघून गेली, येणारी पोचलीच नाही, तर खूण दोन पावलं जवळ आणा. येणारी अंगावर आली, तिला आवरावं लागलं, तर दोन पावलं लांब न्या. पण एका प्रयत्नावरून बदलू नका. सलग तीनदा तेच झालं तरच. वारा समोरून असेल तर येणारी मंदावते, एखाद-दोन पावलं कमी करा. पाठीमागून असेल तर वाढवा.

इथे सगळ्यात मोठा घोळ सरावात होतो. मुली दमल्यावर लावलेली खूण शर्यतीत चुकते, कारण शर्यतीत येणारी ताजी आणि वेगात असते. पूर्ण वेगाचे बदल एका दिवसात जोडीमागे चार ते सहाच घ्या, आणि वॉर्म-अप झाल्याबरोबर, थकव्याआधी. उरलेला हाताचा सराव कमी वेगात कितीही करा: चौघी एका ओळीत एकेक मीटर अंतरानं उभ्या, हात पळताना हलवतात तसे हलताहेत आणि मागून पुढे बॅटन जातेय. मग चालत, मग हलक्या धावेत. बॅटन नसली तर ४० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा २९ सेंटिमीटरचा तुकडा कापून कडा घासून घ्या. अधिकृत बॅटन २८ ते ३० सेंटिमीटर लांब आणि निदान ५० ग्रॅम वजनाची असते, त्यामुळे अंदाज जवळपास बरोबर येतो.

कोणत्या हातात? पहिलीच्या उजव्या, दुसरीच्या डाव्या, तिसरीच्या उजव्या, चौथीच्या डाव्या. कुणीही बॅटन या हातातून त्या हातात करायची नाही. पहिली आणि तिसरी लेनच्या आतल्या बाजूनं पळतात, दुसरी आणि चौथी बाहेरच्या. घेणारी आपल्या बाजूला सरकून उभी राहिली तर दोघी एकमेकींच्या पायात येत नाहीत. ४०० मीटरच्या ट्रॅकवर यानं वळणाच्या दोघी आपसूक आतून पळतात. शाळेच्या २०० मीटरच्या मैदानावर वळण प्रत्येकीच्याच वाट्याला येतं, तरी बाजू हीच ठेवा.

बॅटन देण्याच्या पद्धती तीन. खालून वर: घेणारीचा हात कंबरेजवळ, तळवा मागे-खाली, अंगठा आणि बोटांत उलटा व्ही, जपानचा संघ हीच वापरतो. हात नैसर्गिक राहतो, पण दोघींना जवळ यावं लागतं, आणि बॅटन दरवेळी थोडी मधून पकडली जाते, त्यामुळे चौथीला पुढचं टोक जेमतेम उरतं. वरून खाली: हात मागे लांब, तळवा आकाशाकडे, अंतर जास्त मिळतं, पण हात हलला की बॅटन निसटते. तिसरी पुढे ढकलण्याची: हात मागे जवळजवळ खांद्याच्या उंचीवर, तळवा येणारीकडे, अंगठा खाली, बॅटन उभी धरून तळव्यात सरळ ठोसा मारल्यासारखी द्यायची. नव्या संघाला मी तिसरीच सुचवेन. तळव्याचं लक्ष्य मोठं दिसतं आणि अंतरही बरं मिळतं.

पद्धत कोणतीही असो, क्रम ठरलेला: आधी हाक, मग घेणारीचा हात मागे, मग देणारीचा हात पुढे. बहुतेक मुली ओरडतानाच हात पुढे काढतात आणि तसाच ताणून तीन-चार ढांगा पळतात. हात न हलता पळणारी माणसं मंदावतातच. दुसरी चूक घेणारीची: बॅटन लागेना म्हणून ती हात हलवत शोधते. तिनं हात स्थिर धरायचा, एवढंच. नेम साधण्याचं काम देणारीचं, कारण दिसतंय तिला. हाक एका अक्षराची आणि आपलीच असू द्या. “हात” किंवा “टेक” शेजारच्या लेनमधूनही ओरडलं जातं आणि आपली मुलगी भलत्याच आवाजावर हात मागे नेते.

क्रम लावताना सर्वांत वेगवान मुलगी आंधळेपणानं शेवटी ठेवू नका. पहिली फक्त देते, चौथी फक्त घेते. दुसरी आणि तिसरी दोन्ही करतात आणि धरून-सोडून १२० मीटरच्या वर पळतात, म्हणून त्या जागी दम आणि शांत डोकं असलेल्या मुली हव्यात. हात चुकणारी पण भन्नाट पळणारी असेल तर तिला टोकाला ठेवा. आणि जोड्या ठरल्या की स्पर्धेच्या सकाळी बदलू नका, कारण खुणा जोडीच्या असतात. मधली एक मुलगी बदलली की दोन खुणा बिघडतात.

आपल्याकडे शालेय स्पर्धा बऱ्याचदा पावसाळ्यातच सुरू होतात, तेव्हा बॅटन ओली होते. हाताला खडू, माती किंवा काहीही लावणं, हातमोजे घालणं नियमात बसत नाही. कोरडा रुमाल सोबत ठेवा, धाव सुरू होण्याआधी पहिलीनं बॅटन आणि बाकीच्यांनी हात पुसावेत. बॅटन पडलीच तर जिच्या हातून पडली तिनंच उचलायची. लेन सोडली तरी चालते, फक्त अंतर कमी होता कामा नये आणि दुसऱ्या कुणाला अडथळा होता कामा नये. दिल्यानंतर लगेच आडवं बाहेर पळू नका, शेजारच्या लेनमधली मुलगी जाईपर्यंत आपल्याच लेनमध्ये थांबा.

४×४०० ला यातलं बरंचसं लागू नाही. तिथे येणारा दमून आलेला असतो, म्हणून घेणारा बघूनच बॅटन घेतो आणि त्याच्या उरलेल्या वेगाप्रमाणे सुटतो.

सुरुवात म्हणून उद्या एकच करा. प्रत्येक झोनमध्ये बॅटन आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतची वेळ तीनदा घ्या, आणि त्याच दोघी मुलींची वेगात असतानाची ३० मीटरची वेळ शेजारी लिहा. ज्या झोनमध्ये फरक सर्वांत मोठा, त्याच जोडीवर पहिला आठवडा घालवा.