चावी बंद केली की ॲक्सेसरी बंद व्हावी, यासाठी ट्रकमध्ये सप्लाय कुठून घ्यायचा?

फ्यूज बॉक्समधूनच घ्या, वायरिंगची साल काढून नको. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॉडीच्या उघड्या बोल्टला लावा, लाल पिन एकेका फ्यूजच्या माथ्यावरच्या धातूच्या टिकलीला. चावी बंद असताना शून्य, चालू केल्यावर १२ किंवा २४ व्होल्ट, तो तुमचा फ्यूज. पण लगेच खूश होऊ नका: काही सर्किट चावी काढल्यावरही काही मिनिटं जिवंत राहतात, तर काही स्टार्टर फिरताना तुटतात. गाडी स्टार्ट करताना डॅशकॅम रीस्टार्ट होतो तो बहुतेक यामुळेच. एअरबॅग, एबीएस (ब्रेकची यंत्रणा) आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) यांच्या फ्यूजना हात लावू नका.

फ्यूज काढून कोणत्या खाचेत सप्लाय येतो ते पाहा. आता तिथे फ्यूज टॅप बसवा, म्हणजे जुना फ्यूज, नव्या वस्तूचा फ्यूज आणि तिची वायर घेणारा जोड. त्याचा दोन्ही फ्यूजना जोडलेला पाय त्याच खाचेत हवा. उलटा बसवला तरी चालतो, म्हणून चूक कळत नाही. पण नव्या वस्तूचा करंटही जुन्या फ्यूजमधून जातो आणि तो उडू शकतो.

जास्त करंट खाणाऱ्या लाइट बारसारख्या वस्तूला रिलेच (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा. त्याच्या पिनांवर नंबर असतात: ८६ला टॅपची वायर, ८५ अर्थ, ३०ला बॅटरीतून फ्यूज लावून सप्लाय, ८७ वस्तूला. हा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. २४ व्होल्टच्या गाडीत रिलेही २४चाच, १२चा जळेल.