तुमचे प्रश्न : राष्ट्रपती भवनाच्या घुमटावर कोणतं निशाण?

प्रश्न : पहिल्या प्रजासत्ताक दिनी राष्ट्रपती भवनात झालेल्या सोहळ्याचा तक्ता आमच्या शाळेतली मुलं करत आहेत. घुमटावर तिरंगा आणि समोर राजपथावरचं संचलन दाखवलं तर चालेल ना? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : दोन्ही बदला. 1950 ते 1971 या काळात त्या घुमटावर राष्ट्रपतींचं वेगळं निशाण असे. त्याची जागा तिरंग्याने घेतली 15 ऑगस्ट 1971 ला. हे निशाण काढायला अवघड नाही. आडव्या आयताचे चार सारखे भाग करा. वरचा डावा व खालचा उजवा निळा, उरलेले दोन लाल. सोनेरी रेषांत वर डावीकडे अशोकस्तंभाचे सिंह, उजवीकडे अजिंठ्याच्या चित्रातला हत्ती. खाली डावीकडे लाल किल्ल्यातला तराजू, उजवीकडे सारनाथचा कमळांचा घट. डाव्या-उजव्याची अदलाबदल सहज होते, म्हणून आधी काठी काढा, तीही डावीकडे. आपल्या अजिंठ्याचा हत्ती एकवीस वर्षं त्या घुमटावर होता, हे मोठ्या अक्षरांत लिहाच!

वेळाही नेमक्या घाला. सकाळी 10.18 ला दरबार हॉलमध्ये भारत प्रजासत्ताक झाला, 10.24 ला राजेंद्रप्रसादांनी शपथ घेतली. मग तोफांची सलामी झाली, ती 31 तोफांची. आजच्या सवयीने 21 लिहिलं जातं, तिथे लक्ष ठेवा. दुपारी अडीचला राष्ट्रपती सहा घोड्यांच्या बग्गीतून निघाले आणि पावणेचारला आयर्विन स्टेडियमवर पोहोचले. हेच आजचं मेजर ध्यानचंद स्टेडियम. पहिलं संचलन तिथे झालं. राजपथावर ते कायमचं आलं 1955 पासून. जुन्या बातम्या चाळताना ‘गव्हर्नमेंट हाउस’ शोधा, राष्ट्रपती भवनाचं तेव्हाचं नाव ते होतं.

प्रश्न : 15 ऑगस्ट 1947 ला नेहरूंनी लाल किल्ल्यावर झेंडा फडकवला ना?

उत्तर : नाही, लाल किल्ल्यावरचा समारंभ 16 तारखेच्या सकाळचा. 15 ला सकाळी साडेआठला याच दरबार हॉलमध्ये माउंटबॅटन यांचा गव्हर्नर जनरल म्हणून शपथविधी झाला, पाठोपाठ नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा. त्या मंत्रिमंडळात डॉ. आंबेडकर आणि काकासाहेब गाडगीळही होते.