मुलीचा आकडा वेगळा लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा मसुदा माझ्यासमोर ठेवून तू क्षणभर काही न बोलता उभी राहिलीस. सातव्या कलमाखाली तू पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्यास: पत्नी व अज्ञान (अल्पवयीन) मुलगी यांच्या भूत, वर्तमान व भविष्यातील पोटगीपोटी पतीने एकरकमी रक्कम दिली असून यापुढे दोघींचा कोणताही हक्क शिल्लक राहिलेला नाही. तुझ्या अशिलाला लवकर मोकळे व्हायचे आहे, हे वाक्य काढले तर आपला पक्षकार सही करणार नाही असे समोरचे वकील सांगत आहेत, आणि अशिलाचे ऐकावे की तिला थांबवावे हे तुला उमगत नाही. मी घाईत ‘उद्या बघू’ म्हणाले. रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

ते वाक्य काढ आणि मुलीच्या पोटगीचा आकडा वेगळा लिही.

कायदा तुला ठाऊक आहे, तो मी शिकवत बसणार नाही. तुझ्या अशिलाने स्वतःचे काय सोडावे हा तिचा विचार आहे, जरी पोटगीचा हक्क सोडल्याच्या अशा लेखांकडे न्यायालये साशंकतेने पाहत आली आहेत. परंतु मुलीचा हक्क आईच्या मालकीचा नाही. जी वस्तू आपली नाही ती दान करता येत नाही, आणि जी आईलाही देता येत नाही ती वकिलाने तिच्या वतीने मसुद्यात लिहून देणे मला मुळीच मान्य नाही. तू म्हणशील, मग चिंता कशाची? हक्क संपतच नसेल तर ते वाक्य निरर्थकच आहे, पुढे न्यायालय बघून घेईल. नेमके हेच मीही एकदा स्वतःला सांगितले होते.

१९९४ सालची गोष्ट आहे. माझी वकिलीची सनद नवी होती. अशील बाई थकलेली होती, नवरा एक लाख साठ हजार रुपये एकदम द्यायला तयार होता, आणि मी तुझ्या सातव्या कलमासारखेच वाक्य माझ्या हाताने लिहिले. मुलगी सात वर्षांची होती. आईची सही होईपर्यंत ती माझ्या टेबलाखाली बसून पंचिंग मशीनमधून पडलेल्या कागदाच्या टिकल्या मुठीत गोळा करत होती, आणि जाताना ती मूठ तिने माझ्यासमोर उघडून दाखवली. त्या रकमेतून भावाकडून घेतलेले उसने फिटले, भाड्याच्या खोलीची अनामत गेली, काही आजारपणात संपले. यात आईचा काडीचाही दोष नव्हता, कारण किती पैसे तिचे आणि किती मुलीचे हे कागदावर कुठेच लिहिलेले नव्हते.

नऊ वर्षांनी त्या दोघी पुन्हा आल्या. मुलगी दहावी झाली होती. पुढच्या शिक्षणाच्या खर्चासाठी आम्ही तिच्या नावाने अर्ज केला, आणि समोरच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला काय दाखल केले असेल? माझेच कलम. मुलीचा हक्क आईच्या सहीने संपत नाही, हे न्यायालयाने शेवटी मान्य केले आणि अर्जाच्या तारखेपासून रक्कमही मंजूर केली. पण त्या वाक्याच्या अर्थावर वाद घालण्यात दोन वर्षे गेली, तोपर्यंत तिने विज्ञान शाखा सोडून एका दुकानात हिशेब लिहायला सुरुवात केली होती, आणि अर्जाआधीची नऊ वर्षे तर कोणत्याच आदेशात परत येणार नव्हती. वाक्य निरर्थक होते हे खरे, पण ते निरर्थक आहे हे ठरवून घेण्याची किंमत त्या मुलीने मोजली.

अनेक वर्षे मी माझ्या बाजूने एक कारण देत आले. त्या काळी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगीला दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ च्या दुरुस्तीने गेली. तेव्हा हातात येणारी एकरकमी रक्कम मोठीच वाटायची. हे कारण खोटे नाही. मात्र हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ ला अशी मर्यादा कधीच नव्हती. त्याखाली मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांविषयी न्यायालय वेळोवेळी आदेश देऊ शकते, आणि हे कलम मला तेव्हाही पाठ होते. तेव्हापासून मी असे वाक्य लिहिले नाही. त्यापायी अशील गेले, एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ‘तुम्ही जुळत आलेली प्रकरणे मोडता’ असे सर्वांदेखत सुनावले, तरीही लिहिले नाही आणि लिहिणार नाही.

तुझा एक मुद्दा मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. दरमहाची रक्कम चार महिने येते आणि मग थांबते, त्यापेक्षा हातात पडलेले पैसे बरे, असे तू म्हणालीस. बरोबर आहे. मग एकरकमी घे, पण त्यातला मुलीचा वाटा मुलीच्या नावे मुदत ठेवीत जाईल असे लिही आणि ठेवीची पावती न्यायालयात दाखल झाल्याशिवाय घटस्फोटाचा हुकूमनामा मागू नकोस. मासिक रक्कम ठरली तर ती कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात जमा होणार, दरवर्षी किती वाढणार, शाळेची फी आणि दवाखाना त्यातच धरला आहे की वेगळा, हे सगळे लिही. आणि ‘अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत’ असे सवयीने टाइप करू नकोस. हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० नुसार अविवाहित मुलीला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर सज्ञान झाल्यावरही तिची जबाबदारी उरते. अठराव्या वाढदिवशी कॉलेजची फी थांबत नाही.

पैसे थकलेच तर वाट बघत बसायचे नाही, हेही अशिलाला आजच सांगून ठेव. १ जुलै २०२४ पासून कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले, तरी त्याखालच्या थकबाकी वसुलीच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, ही अट तशीच आहे. ‘पुढच्या महिन्यात देतो’ या आश्वासनावर ते वर्ष कसे निघून जाते हे मी फार वेळा पाहिले आहे. नवरा त्यासाठी तुरुंगात जाऊन आला तरी देणे फिटत नाही. पगारदार असेल तर पगारावर जप्ती आणता येते, आणि पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित राहतो. आता तूच बघ, यातले काय त्या सातव्या कलमावरून वसूल करशील? वसुलीच्या दरखास्तीत रकमेच्या रकान्यात काय भरशील?

आकडा कुठून आणायचा, असे तू विचारलेस तेव्हा मला राग आला, तो दाखवायला नको होता. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे घालून दिले. तुमचे प्रकरण संमतीचे असले तरी त्या प्रतिज्ञापत्राचा नमुना समोर ठेवून आईला बसव आणि मुलीचा एक महिना लिहून काढ. ‘शिक्षण व इतर’ असे मोघम लिहू देऊ नकोस. गणवेश वर्षातून किती लागतात, चष्म्याचा नंबर कधी बदलला, शाळेची व्हॅन कितीला पडते, आई कामावर असताना मुलीला कोण सांभाळते आणि तिला काय द्यावे लागते, हे विचार. आई स्वतः काही कमावत असेल तर तेही खरे लिही, कारण लपवलेला एक पासबुकाचा कागद बाहेर आला की मुलीच्या खऱ्या खर्चावरही कोणी विश्वास ठेवत नाही. तासाभरात आकडा तयार होईल, आणि तो तुझा किंवा माझा नसेल.

समोरचे वकील ‘सही होणार नाही’ म्हणतात, ते म्हणणारच. मुलीचे कलम वेगळे केल्याने त्यांच्या पक्षकारावर नवे ओझे पडत नाही, जे आहे तेच कागदावर येते, हे त्यांना शांतपणे सांग. तरीही नाही म्हणाले तर तारीख पुढे जाऊ दे. अशील चिडेल, कदाचित फाइलही परत मागेल. मागितली तर दे.

सोमवारी तारीख आहे. शनिवारी तिला एकटीला बोलाव, येताना शाळेच्या फीच्या पावत्या आण म्हणावे, आणि मुलीला कुठे ठेवता येत नसेल तर खुशाल बरोबर आणू दे. मी दहा वाजता पोहोचते. सातवे कलम आपण दोघी मिळून लिहू.

तुझी,
मॅडम